तोफ ओतणारें नगर आणि बंदुकीचा परवाना

विजापूरच्या किल्ल्यावर 'मलिक-ए-मैदान' नांवाची जी प्रचंड तोफ प्रवाशांना मोठ्या कौतुकानें दाखविली जाते, ती विजापूरकरांनीं ओतलेली नाहीं. ती १५४९ सालीं अहमदनगर येथें, निजामशाहीच्या पदरीं असलेल्या एका तुर्की कारागिरानें ओतली; विजापूरकडे ती पुढें सतराव्या शतकांत गेली. याच नगरच्या किल्ल्यावरून १५९५-९६ च्या वेढ्यांत चांदबिबीनें मोगलांना तोंड दिलें, आणि याच किल्ल्यावर १८०३ च्या ऑगस्ट महिन्यांत जनरल वेलस्ली यानें इंग्रजांचें निशाण चढविलें. ज्या शहराचा दारूगोळ्याशीं इतका जुना ऋणानुबंध, त्या शहरांतील एखाद्या गृहस्थाला आज साधी एकनळी बंदूक घरांत ठेवावयाची असली, तर आधीं जिल्हाधिकाऱ्याच्या सहीचा कागद हातांत असावा लागतो. १८१८ सालीं पेशवाईबरोबर कंपनीच्या हातीं गेलेल्या आणि २०२४ सालीं अहिल्यानगर असें नांव पावलेल्या या जिल्ह्याच्या इतिहासांत त्या कागदाचीं पाळेंमुळें कोठवर गेलीं आहेत, तें आज आपण पाहूं.

पूर्वींच्या काळीं शस्त्र ही सरकारी मेहेरबानीची वस्तु नव्हती. गांवगाड्याच्या रचनेंत राखणीचें काम ठरलेल्या लोकांकडे असे. सह्याद्रीच्या कुशींतील अकोले भागांत कोळी नाईकांकडे, तर इतरत्र कोठें भिल्लांकडे आणि कोठें रामोशांकडे घाटवाटांची व शिवाराची जबाबदारी होती. त्याबद्दल त्यांना हक्क मिळत, आणि हत्यार हें त्या हक्काचेंच अंग होतें. जो राखण करील त्याच्या हातांत शस्त्र असेल, ही गोष्ट कोणाला विचारावी लागत नसे.

कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर ही घडी मोडली. राखणीचे जुने हक्क कमी झाले, आणि सावकाराच्या वह्या व कोर्टाचे हुकूम डोंगरापर्यंत पोहोंचले. अकोले तालुक्यांतील देवगांवच्या राघोजी भांगरे यानें १८४० नंतरच्या दशकांत जें बंड उभारलें, त्याच्या मुळाशीं हेंच दुखणें होतें. २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्याला फांशीं दिलें. त्यानंतर नऊच वर्षांनीं भागोजी नाईक उठला. हा भिल्ल पुढारी एके काळीं नगरच्या पोलिसांतच नोकरीला होता. ४ ऑक्टोबर १८५७ रोजीं, आज नाशिक जिल्ह्यांत असलेल्या नांदूर शिंगोटें गांवाजवळ, त्याच्या लोकांशीं झालेल्या चकमकींत नगरचा पोलिस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री ठार झाला. नाशिक जिल्हा १८६९ सालीं वेगळा झाला. तोंवर हा मुलूख नगरच्याच अमलाखालीं होता. १८५९ च्या नोव्हेंबरांत भागोजी मारला गेला, तेव्हां कुठें हा प्रदेश शांत झाला.

याच सुमारास कलकत्त्याच्या कौन्सिलांत शस्त्रांविषयीं पहिले मोठे कायदे झाले. १८५७ चा अठ्ठाविसावा कायदा तात्पुरता होता. १८६० च्या एकतिसाव्या कायद्यानें सरकारला प्रांतच्या प्रांत निःशस्त्र करण्याची सत्ता दिली. नगरचा अनुभव आणि उत्तरेकडील रणधुमाळी यांचा सरकारनें काढलेला अर्थ एकच होता : प्रजेच्या हातांतील हत्यार म्हणजे उद्यांचें बंड.

हा अर्थ कितपत खरा होता, याची परीक्षा १८७५ सालीं याच जिल्ह्यांत झाली. १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा पेटला, आणि तो पारनेर, श्रीगोंदें, कर्जत आणि नगर या तालुक्यांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासांत गाजलेला तो हाच प्रसंग होय. तीसहून अधिक गांवांत कुणबी जमले; परंतु त्यांचा रोख माणसांच्या जिवावर क्वचितच होता. त्यांना हवीं होतीं तीं कर्जखतें. जेथें सावकारानें रोखे बाहेर काढून दिले तेथें ते जाळून लोक घरीं गेले. म्हणजे ज्या रयतेच्या हातांतील बंदुकीचें सरकारला भय वाटत होतें, तिचें खरें वैर एका कागदाशीं होतें. या दंग्याचें उत्तर म्हणून १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि तें उत्तर योग्य जागीं दिलेलें होतें. परंतु त्याच्या एक वर्ष आधीं, १८७८ च्या मार्च महिन्यांत, लॉर्ड लिटनच्या सरकारनें साऱ्या हिंदुस्थानासाठीं शस्त्रांचा कायदा पास करून घेतला होता. देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदाही त्याच महिन्यांतला.

१८७८ च्या या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा ठरला. पण लोकांच्या जिव्हारीं लागली ती परवान्याची अट नव्हे. ती कोणाला लागू नाहीं, ही गोष्ट लागली. सरकारला हव्या त्या वर्गास सूट देण्याचा अधिकार कायद्यांत राखून ठेवलेला होता, आणि त्या सुटीचा लाभ युरोपियन व अँग्लो-इंडियन यांना सरसकट मिळाला. नगरच्या छावणींतील एखादा गोरा व्यापारी बंदूक खांद्यावर टाकून शिकारीला निघे, त्याला कोणी हटकीत नसे. त्याच रस्त्यानें जाणाऱ्या पिढीजाद देशमुखाला मात्र परवाना दाखवावा लागे. कायदा माणसाच्या वर्तनाकडे न पाहतां त्याच्या वर्णाकडे पाहत होता.

आणि ज्या हेतूनें तो झाला तो तरी साधला काय? कायदा होऊन वर्ष उलटतें न उलटतें तोंच, १८७९ च्या फेब्रुवारींत, शेजारच्या पुणें जिल्ह्यांत वासुदेव बळवंत फडके यांनीं बंडाचें निशाण उभारलें. ज्याला सरकारशीं लढावयाचें आहे तो परवान्याचा अर्ज करीत नाहीं. कायद्याचा जाच झाला तो कायदा पाळणाऱ्या माणसाला.

रिपननें १८८२ सालीं वृत्तपत्रांचा कायदा रद्द केला, पण शस्त्रांच्या कायद्याला हात लावला नाहीं. १८८७ सालच्या मद्रासच्या राष्ट्रीय सभेपासून हा कायदा सौम्य करण्याविषयीं ठराव होऊं लागले. अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनींदेखील १९१८ सालीं, खेडा जिल्ह्यांत सैन्यभरती करतांना, सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना ब्रिटिश राज्याच्या काळ्यांतल्या काळ्या कृत्यांत केली. पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले आणि वर्णावरून असलेली सरसकट सूट गेली. १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नमूद होता.

यानंतरचा प्रसंग मात्र आपल्यांतील पुष्कळांच्या स्मरणांत नसतो. १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितींत मूलभूत स्वातंत्र्यांची चर्चा चालू असतां, हरि विष्णु कामथ यांनीं शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यांत घालावा अशी उपसूचना मांडली. पन्नास-साठ वर्षें जें मागितलें तें आपलें राज्य आल्यावर कां देऊं नये, हा त्यांचा सवाल वरवर पाहतां बिनतोड होता. डॉ. आंबेडकरांनीं त्याला विरोध केला. परक्या सरकारनें हा हक्क नाकारला तेव्हांची परिस्थिति वेगळी होती, असें सांगून, गुन्ह्यावर उपजीविका करणाऱ्यांच्याही हातीं घटनेनें शस्त्र द्यावयाचें काय, असा प्रतिप्रश्न त्यांनीं केला. नागरिकाला शस्त्रांचा हक्क नव्हे, वेळप्रसंगीं देशासाठीं शस्त्र धरण्याचें कर्तव्य सांगतां येईल, अशी त्यांची भूमिका होती. उपसूचना नामंजूर झाली. घटनेच्या एकोणिसाव्या कलमांत शांततेनें व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे, शस्त्राचा नाहीं.

या निर्णयाच्या पायावर १९५९ चा शस्त्र अधिनियम उभा आहे. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. आज लागू असलेले नियम २०१६ सालचे आहेत, आणि २०१९ सालीं कायद्यांत महत्त्वाची दुरुस्ती झाली. परवाना मागणाराचें वय २१ वर्षें पूर्ण असलें पाहिजे. हिंसेच्या किंवा नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्याला ती भोगून संपल्यावर पांच वर्षें परवाना मिळत नाहीं. शांतता राखण्याबद्दल ज्याच्याकडून जामीनखत घेतलें आहे त्यालाही त्या मुदतींत मिळत नाहीं, आणि मनोविकल माणसालाही नाहीं. अर्ज विहित नमुन्यांत जिल्हादंडाधिकाऱ्याकडे करावयाचा. पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरांत हें काम आयुक्ताकडे असतें. ओळखीचा व राहण्याच्या जागेचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला आणि तें सुरक्षित ठेवण्याची हमी हीं अर्जासोबत लागतात. मग नजीकच्या पोलिस ठाण्याकडून चौकशीचा अहवाल मागविला जातो. नकार द्यावयाचा झाल्यास, सार्वजनिक हिताचा अपवाद सोडून, कारणें लेखी द्यावीं लागतात, आणि त्यावर अपील करतां येतें.

या कायद्यांतील एक वाक्य जुना इतिहास जाणणाराला विशेष समाधान देणारें आहे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येणार नाहीं, असें चौदाव्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. पूर्वीं परवाना प्रतिष्ठितांचा मान होता. आतां तो, निदान कायद्याच्या अक्षरांत, गरजेचा प्रश्न आहे.

क्रम मात्र ध्यानांत ठेवावा : आधीं परवाना, मग बंदूक. शस्त्र परवानाधारक दुकानदाराकडूनच घ्यावें; खाजगी माणसाकडून घ्यावयाचें असल्यास विकणारानें अधिकाऱ्यांना लेखी सूचना देऊन ४५ दिवस थांबावें लागतें. विकत घेतलेल्या शस्त्राची नोंद परवान्यावर झाली पाहिजे, आणि काडतुसेंही ठरलेल्या संख्येंतच मिळतात. एका माणसाला पूर्वीं तीन बंदुका ठेवतां येत. २०१९ पासून दोनच. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पांच वर्षें झाली. लग्नाच्या वरातींत निष्काळजीपणें बार काढून इतरांचा जीव धोक्यांत घालणाराला आतां दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं होऊं शकतात. विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान दोन वर्षें कैदेची तरतूद आहे.

येथें नगर जिल्ह्याचा एक जिवंत प्रश्न येतो. प्रवरेचें पाणी पोहोंचलें तेथें ऊंस आला, आणि उंसाच्या दाट आडोशाला बिबट्या राहूं लागला. अकोलें, संगमनेर, राहुरी या भागांतील वस्त्यांवर संध्याकाळीं मूल अंगणांत सोडतांना आईचा जीव खालींवर होतो. अशा ठिकाणचा शेतकरी बंदूक मागतो, तेव्हां त्याची मागणी हौसेची नसते. परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बिबट्याला पूर्ण संरक्षण दिलें आहे. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या जनावराबद्दलही निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकानें घ्यावयाचा असतो. प्रत्यक्ष अंगावर आलेल्या जनावरापासून सद्भावनेनें जीव वांचविणें कायदा गुन्हा मानीत नाहीं. उंसांत जाऊन त्याला हुडकून मारणें हा गुन्हाच आहे. म्हणून या शेतकऱ्याचें भय बंदुकीनें फारसें कमी होणार नाहीं. दिवसा वीज, अंगणांत उजेड, गुरांना बंदिस्त गोठा आणि वेळेवर येणारें वनखातें यांनीं तें अधिक कमी होईल. १८७५ मध्यें खरें उत्तर जसें कर्जाच्या कायद्यांत होतें, तसेंच हें.

शहरांतील श्रोत्यांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांची एखादी बंदूक कापडांत गुंडाळलेली असते. परवानाधारक वारला म्हणजे त्याचा परवाना वारसाकडे आपोआप येत नाहीं. वारसानें विनाविलंब तें शस्त्र पोलिस ठाण्यांत अगर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावें, आणि ठेवावयाचें असल्यास स्वतःच्या नांवें अर्ज करावा. दुरुस्तीनेंही जें चालण्यासारखें नाहीं अशा जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या हत्याराला कायद्यांत सूट आहे. पण तें तसें आहे कीं नाहीं हें आपल्या मनानें ठरवूं नये. पूर्वजांचा अभिमान बाळगावा, त्यांचें भरलेलें काडतूस नव्हे.

राघोजी भांगऱ्याच्या काळापासून आजवर या जिल्ह्यानें शस्त्राविषयींचे तीन विचार पाहिले. गांवगाड्यानें विचारलें, राखण कोण करतो? परक्या सरकारनें विचारलें, हा आमच्यापैकीं आहे काय? आजचा कायदा विचारतो, तुला गरज काय, आणि तुझ्या हातीं तें दिल्यास शेजारी निर्धास्त झोंपेल काय? तिन्हींत हा शेवटचा प्रश्न सर्वांत न्याय्य आहे. मात्र तो प्रत्येकाला सारखाच विचारला गेला पाहिजे. वशिल्याच्या माणसासाठीं तो गाळला गेला, कीं १८७८ चा कायदा दुसऱ्या नांवानें परत आलाच म्हणून समजावें.