मानवी श्वसनसंस्था

मानवी श्वसनसंस्था ही हवेतील ऑक्सिजन रक्तात पोहोचवणारी आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड शरीराबाहेर टाकणारी इंद्रियसंस्था आहे. नाक, घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका, तिच्या शाखा आणि दोन फुप्फुसे हे तिचे प्रमुख भाग होत. ‘श्वसन’ हा शब्द पेशींमध्ये अन्नापासून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेसाठीही वापरला जातो. तो विषय वेगळा आहे.

== हवेचा मार्ग ==

नाकात हवा गाळली जाते, कोमट व दमट होते. घशात अन्नाचा व हवेचा मार्ग एकच असतो. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि कंठच्छद त्याच्या तोंडावर झाकणासारखा पडतो. जेवताना बोलल्यास लागणारा ठसका हा या व्यवस्थेतील क्षणिक चुकीचा परिणाम असतो. श्वासनलिका प्रौढांमध्ये सुमारे १० ते १२ सेंमी लांब असून इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या कूर्चांमुळे ती नेहमी उघडी राहते. तिच्या सुमारे २३ वेळा शाखा फुटत जातात आणि शेवटी वायुकोश येतात. उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन खंड असतात.

== श्वासोच्छ्वासाची यंत्रणा ==

फुप्फुसांना स्वतःचे प्रसरण घडवणारे स्नायू नाहीत. श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर व बाहेर उचलल्या जातात, छातीची पोकळी मोठी होते आणि आतील दाब कमी झाल्याने हवा आत येते. शांत उच्छ्वासाला मात्र स्नायूंचे श्रम जवळजवळ लागत नाहीत. ताणलेले फुप्फुस स्वतःच्या लवचिकतेने पूर्ववत होते.

विश्रांतीच्या वेळी एका श्वासात सुमारे ५०० मिलि हवा आत घेतली जाते. त्यातील सुमारे १५० मिलि नळ्यांमध्येच राहते व तिचा वायुविनिमयाला उपयोग होत नाही. म्हणून मिनिटाला ५०० मिलिचे १२ श्वास घेतल्यास वायुकोशांपर्यंत ४,२०० मिलि ताजी हवा पोहोचते. २५० मिलिचे २४ उथळ श्वास घेतल्यास एकूण हवा तितकीच असूनही केवळ २,४०० मिलि पोहोचते. धाप लागलेला रुग्ण भराभर श्वास घेऊनही गुदमरतो, त्यामागे हे एक कारण असते.

== वायुकोश ==

दोन्ही फुप्फुसांत मिळून कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते आणि हवा व रक्त यांमधील पडदा एक मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. या पडद्यातून वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे विसरणाने जातात. ऑक्सिजन मुख्यतः हिमोग्लोबिनशी जोडला जातो, तर बहुतांश कार्बन डायऑक्साइड रक्तात बायकार्बोनेटच्या रूपात वाहून आणला जातो.

वायुकोशांचा आतील पृष्ठभाग ओला असल्याने पृष्ठताणामुळे ते मिटण्याची प्रवृत्ती असते. सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ हा ताण कमी करतो. गर्भाच्या फुप्फुसात तो पुरेशा प्रमाणात शेवटच्या काही आठवड्यांत तयार होतो. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला प्रत्येक श्वासासाठी झगडावे लागते. या आजारात सर्फॅक्टंटची उणीव असते, हे मेरी एलन एव्हरी व जेरी मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. तरीही उपचार लगेच हाती आला नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये याच आजाराने दोन दिवसांत दगावला. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स व हावी यांनी प्रसूतीपूर्वी मातेला स्टिरॉइड दिल्याने हा धोका घटतो असे दाखवले. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी बाळांच्या श्वासनलिकेत सर्फॅक्टंट सोडून यश मिळवले. आज हे दोन्ही उपचार रूढ आहेत.

== नियंत्रण ==

श्वासाची लय मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून ठरते. श्वास रोखल्यावर होणारी तगमग मुख्यतः ऑक्सिजन घटल्याने नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. पाण्यात बुडी मारण्यापूर्वी मुद्दाम जोरजोराने श्वास घेतल्यास कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. परिणामी धोक्याची जाणीव होण्याआधीच ऑक्सिजन संपत येऊन पोहणारा पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो. चांगल्या पोहणाऱ्यांचेही असे मृत्यू झालेले आहेत.

== संरक्षण ==

श्वासमार्गातील श्लेष्मा धूळ व जंतू अडकवतो आणि पक्ष्माभिका तो घशाकडे ढकलतात. तंबाखूच्या धुरामुळे त्यांची हालचाल मंदावते. त्यामुळे साचलेला कफ बाहेर काढण्यासाठी धूम्रपान करणाऱ्यांना वारंवार खोकावे लागते. दीर्घकालीन धूम्रपानाने वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात व त्या पुन्हा भरून येत नाहीत.