रहस्यकथेचा वाचक : न्याय कुणी द्यायचा?

आजचा विषय तुमच्यातल्या काहींना हलका वाटेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं गोरेगावात येऊन संतांवर बोलावं, निदान गीतेवर तरी बोलावं, अशी अपेक्षा असते. आम्ही बोलणार आहोत रहस्यकथांवर, आणि त्यातही लेखकांपेक्षा वाचकांवर. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात रहस्यकथेला फार थोडी जागा मिळते, तिच्या वाचकाला तर त्याहून कमी. तो करमणुकीसाठी वाचायचा, एवढं सांगून विषय संपवतात. त्याला काही मत होतं का, हे विचारायचं राहूनच जातं. आमचं म्हणणं असं की त्याला मत होतं, चांगलं पक्कं होतं, आणि त्या मताला इतिहास आहे.

हलका विषय म्हणणाऱ्यांसाठी आधी एक दाखला देतो. लुडविग विटगेन्स्टाइन हा विसाव्या शतकातला फार मोठा तत्त्वज्ञ. केंब्रिजला शिकवायचा. अमेरिकेतला त्याचा शिष्य नॉर्मन माल्कम त्याला तिकडची स्वस्त डिटेक्टिव्ह मासिकं पोस्टानं पाठवत असे, आणि हा गृहस्थ त्यांची वाट बघत असे. तत्त्वज्ञानाच्या प्रतिष्ठित ‘माइंड’ या नियतकालिकापेक्षा या मासिकांत शहाणपण जास्त सापडतं, असं त्याचं मत होतं. १९४८ साली नॉर्बर्ट डेव्हिस नावाच्या लेखकाची एक डिटेक्टिव्ह कादंबरी त्याला इतकी आवडली की त्या लेखकाचे आभार मानावेत असं त्याला वाटलं, आणि माल्कमला त्यानं तसं पत्र लिहिलं. डेव्हिस पुढच्याच वर्षी गेला. सांगायचा मुद्दा हा, की या पुस्तकांबद्दल मत बाळगणं हे काही अडाण्याचं लक्षण नव्हे.

आता ही अमेरिकन मासिकं कसली होती? १९२० साली तिकडे ‘ब्लॅक मास्क’ सुरू झालं आणि त्याच वर्षी देशभर दारूबंदी लागू झाली. ती १९३३ पर्यंत टिकली. चोरटी दारू, टोळ्या, विकले गेलेले पोलीस आणि पुढारी. या वातावरणात जो खाजगी डिटेक्टिव्ह जन्मला त्याला तिकडे ‘हार्डबॉइल्ड’ म्हणतात, म्हणजे मार खाऊन खाऊन टणक झालेला. डॅशिएल हॅमेट हा लेखक स्वतः पिंकर्टन या डिटेक्टिव्ह एजन्सीत नोकरी केलेला. त्याच्या १९२९ च्या ‘रेड हार्वेस्ट’मध्ये एक खाणीचं गाव आहे. तिथं पोलीस प्रमुखसुद्धा गुन्हेगारांच्या हिशेबात बसलेला. डिटेक्टिव्ह टोळ्यांना आपसात झुंजवतो, प्रेतांचा खच पडतो, पण गाव धुऊन निघालं असं काही आपल्याला वाटत नाही. रेमंड चँडलरच्या १९३९ च्या ‘द बिग स्लीप’मध्येही खरं काय ते डिटेक्टिव्हला कळतं, आणि त्यातलं बरंचसं तो पोटात ठेवतो. गुन्हा उलगडला म्हणजे न्याय झाला असं नाही, हे या कादंबऱ्यांचं सांगणं.

आता बघा, इतिहासाची गंमत कुठं आहे. आपल्याकडे मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. हातभट्ट्या, अड्डे, हप्ते, सगळं आलं. म्हणजे हार्डबॉइल्ड कादंबरीला लागणारा कच्चा माल मुंबईच्या गल्लीबोळांत तयार होता. पण त्या काळातला मराठी वाचक वाचत काय होता? बाबूराव अर्नाळकर.

अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६ ते १९९६. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. त्यांचा धनंजय हा खाजगी डिटेक्टिव्हच, जोडीला छोटू. पण वाचकाचा जास्त जीव झुंजारवर आणि काळ्या पहाडावर. झुंजार पोलिसांच्या लेखी संशयित, वाचकांच्या लेखी सज्जन. तो एकटा खोलीत दारू पीत बसत नाही. त्याची बायको विजया त्याच्या साहसांत बरोबरीनं असते. इंग्रजी साहित्यातल्या रॅफल्स, सेंट या सभ्य लुटारूंच्या कुळातला तो. जॉर्ज ऑर्वेल यानं १९४४ साली रॅफल्सची तुलना जेम्स हॅडली चेसच्या कादंबरीशी केली होती. रॅफल्स चोर असला तरी काही गोष्टी तो करणार नाही म्हणजे नाही. चेसच्या जगात मात्र फक्त ताकद चालते, असा ऑर्वेलचा निष्कर्ष. आपल्या वाचकानं ऑर्वेल न वाचता हीच निवड केली होती. त्याला झुंजार हवा होता, कारण झुंजार काही गोष्टी करणार नाही याची त्याला खात्री होती.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही उगाच तत्त्वज्ञान चिकटवता. लोक उत्कंठेसाठी वाचायचे, खुनी कोण ते कळलं की संपलं. तसं असतं तर एक गोष्ट जुळत नाही. लायब्ररीच्या पुस्तकांत पहिल्याच पानावर कुणीतरी टवाळानं पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं आम्ही किती वेळा पाहिलं आहे. तरी ते पुस्तक कपाटात पडून राहायचं नाही. तेच वाचक तेच पुस्तक पुन्हा न्यायचे. खुनी माहीत असताना माणूस दुसऱ्यांदा कशासाठी वाचतो? शिक्षा नीट झाली का, ते पुन्हा बघायला. निदान आमचं उत्तर ते आहे.

हे झालं मुंबईचं. आपल्या भागाचं चित्र थोडं निराळं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात. हिंगोली जिल्हा झाला तो अगदी अलीकडे, १ मे १९९९ ला. संस्थानात कारभार उर्दूत, शिक्षण उर्दूत. त्यामुळे इथल्या एका पिढीची मातृभाषा मराठी आणि शाळेची भाषा उर्दू. १९५२ साली अलाहाबादहून इब्ने सफ़ी यांची ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली, तेव्हा ती थेट वाचता येणारी माणसं मराठवाड्यात होती. कर्नल फ़रीदी आणि कॅप्टन हमीद ही जोडी त्यांना ठाऊक. आता फ़रीदी कोण? तो काही झुंजार नव्हे. तो सरकारी अधिकारी, कायद्याच्या बाहेर पाऊल न टाकणारा. वाचकाच्या मनात कायद्याबद्दल आदर निर्माण व्हावा, ही इब्ने सफ़ींची इच्छाच होती. रझाकारांचं दिवस पाहिलेल्या माणसाला ‘कानून’ पाळणारा अधिकारी कथेत भेटणं किती महत्त्वाचं वाटलं असेल, याचा विचार करा. एका जुन्या वाचकानं आम्हाला फार नेमकं सांगितलं होतं, ‘झुंजार मनाला बरा वाटायचा, पण गावात यावा तर फ़रीदी यावा.’ याला मत म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

पुढे १९६२, १९६५, १९७१ अशी युद्धं झाली. गुरुनाथ नाईकांच्या लोकप्रिय नायकांत कॅप्टन दीप आला. त्यांच्याही नावावर हजाराहून अधिक पुस्तकं. न्याय देणारा माणूस आता लष्करी हुद्द्याचा झाला, शत्रू सीमेपलीकडे गेला. त्यानंतर सुहास शिरवळकर. त्यांचा मंदार पटवर्धन आहे, फिरोज इराणी आहे, दारा बुलंद आहे, पण आमच्या दृष्टीनं महत्त्वाचा बॅरिस्टर अमर विश्वास. इथं न्याय कोर्टात मिळतो, पुराव्यानं आणि उलटतपासणीनं मिळतो. या पायऱ्या एकामागून एक अशा सरळ नाहीत, सगळे नायक एकाच फळीवर शेजारी शेजारी असायचे. तरीही सभ्य लुटारू, सरकारी अधिकारी, सैनिक, वकील, अशी ही यादी वाचली की वाचक दर वेळी एकच प्रश्न विचारताना दिसतो : न्याय कुणी द्यायचा? न्याय मिळणारच नाही, हे हार्डबॉइल्डवाल्यांचं उत्तर ऐकायला तो तयार नव्हता.

हा त्याचा भोळेपणा होता का? नुकतंच स्वतंत्र झालेल्या देशातल्या माणसानं व्यवस्था चालेल असा भरवसा धरला, त्याला आम्ही भोळेपणा म्हणणार नाही. पण या आवडीची किंमतही पडली. या पुस्तकांतला खून बहुतेक वेळा मुंबईतल्या बंगल्यात व्हायचा. धुऱ्याचा वाद, कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा, विहिरीत सापडलेली सून आणि ‘पाय घसरला’ म्हणून मिटलेलं प्रकरण, हे गुन्हे गावाला पाठ होते. ते रहस्यकथेत क्वचितच आले. त्या गुन्ह्यांत गुन्हेगार कोण, हे रहस्यच नसतं हो! सगळ्या गावाला माहीत असतं. प्रश्न असतो तो बोलणार कोण. आणि नेमका हाच प्रश्न हॅमेटच्या खाणीच्या गावातला आहे. हार्डबॉइल्ड कादंबरी आपल्याला परकी वाटली, पण तिचं गाव आपल्या गावापासून फार लांब नव्हतं. आपला वाचक न्याय मागत होता तो मुंबईच्या बंगल्यापुरता. स्वतःच्या वेशीच्या आत तो मागायचं त्याला कथेनं शिकवलं नाही, आणि त्यानंही कथेकडे तसा हट्ट धरला नाही.

हा इतिहास लिहायला साधनं फार थोडी उरली आहेत. ही पुस्तकं वाचून वाचून फाटली, उरलेली रद्दीत गेली. वाचनालयांतली देवघेवीची जुनी रजिस्टरं मात्र काही ठिकाणी अजून असतील. कुणी कोणतं पुस्तक कितव्यांदा नेलं, याची ती लेखी साक्ष आहे. ती वाळवीला किंवा रद्दीवाल्याला देऊ नका. आणि घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर त्याला तीन गोष्टी विचारून लिहून ठेवा : तुमचा आवडता नायक कोण, कोणतं पुस्तक तुम्ही अर्ध्यात सोडलं, आणि का सोडलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सावकाश घ्या. वाचकाचं खरं मत तिथंच सापडतं.