महाभूतातले 'महा'

१ फेब्रुवारी १९५९च्या रात्री उत्तर उरल पर्वतात इगोर द्यातलोव्ह आणि त्याचे आठ साथीदार तंबू आतून फाडून बाहेर पडले. कडाक्याच्या थंडीत, पुरेशा कपड्यांशिवाय, बहुतेकांच्या पायांत बूटही नसताना ते दीड किलोमीटर खालच्या झाडीकडे चालत गेले. नऊही जण दगावले. सोव्हिएत तपासाने कारण नोंदवले: 'स्तिखीयनाया सीला', जिच्यावर मात करणे त्यांना शक्य नव्हते. इंग्रजीत जाता जाता तिची 'अज्ञात शक्ती' झाली आणि तर्कांना ऊत आला. रशियन 'स्तिखिया' म्हणजे आपले महाभूत: वारा, पाणी, अग्नी. भाषांतरात 'महा' गळाले, 'भूत' तेवढे उरले.

फेब्रुवारी १९७८मध्ये स्वीडनच्या अनारिस डोंगरात स्कीवरून निघालेल्या नऊ जणांपैकी आठ जण गोठून मेले. डोंगरमाथ्यावरची थंड, जड हवा एकाएकी उतारावरून कोसळली होती. अशा वाऱ्यात तंबू टिकत नाही. झाडीचा आडोसा गाठणे हाच शहाणपणा ठरतो. उरलमध्येही हेच घडले असावे, असे काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते वाऱ्याने साचवलेला बर्फाचा थर तंबूवर घसरला. त्यातून तिघांच्या जबर जखमांचाही उलगडा होतो.

दोन्ही तर्कच आहेत. पण मूळ वाक्यात 'अज्ञात' हा शब्द नव्हता, एवढे नक्की.