क्रिकेट-चित्रपत्ते : राखीव यष्टिरक्षक

बबलगमच्या वेष्टनातून मिळणारी खेळाडूंची चित्रे जमवण्याचा छंद. महाराष्ट्रात तो १९८० च्या दशकात, विशेषतः १९८७ च्या रिलायन्स विश्वचषकाच्या सुमारास, ‘बिग फन’ या बबलगममुळे फोफावला. पत्त्यांवर धावा किंवा बळी छापलेले असत. ते साठले की दुकानातून बक्षीस मिळे. त्यामुळे जपण्यापेक्षा पत्ते वटवण्याकडेच मुलांचा कल असे आणि आजच्या टंचाईचे मूळ बऱ्याच अंशी तिथेच आहे. उरलेले रद्दीत गेले किंवा ओलीने गेले. उल्हास नदीकाठच्या शहाडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात कागद टिकवणे सोपे नाही.

गावसकर, कपिल यांची चित्रे निदान कुणीतरी वहीत चिकटवली. राखीव यष्टिरक्षकाला तेवढाही मान नव्हता. मुंबईचे चंद्रकांत पंडित यांचेच पाहा. किरण मोरे संघात असताना त्यांना १९८६ ते १९९२ या काळात ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने मिळाले. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडेवरील इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात वेंगसरकर आजारी असल्याने ते खेळले, तेही निव्वळ फलंदाज म्हणून. ग्लव्ह्ज मोरेंकडेच होते. संग्राहकाची खरी परीक्षा अशाच नावांपाशी होते. जुना पत्ता पारखताना कोपरे, घडी आणि पाठीमागची छपाई पाहतात. डिंकाचे डाग असल्यास किंमत घसरते.