चिखलांत उतरलेलें यंत्र

दसरा उलटला कीं बीड जिल्ह्यांतील बालाघाटाच्या डोंगरपट्टींतलीं गांवें रिकामीं होऊं लागतात. धारूर, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर, वडवणी या तालुक्यांतून नवराबायकोच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे ऊस तोडावयास निघतात. सोबत तान्हीं मुलें, चार भांडीं आणि पालासाठीं लागणारें सामान. या व्यवहारांत अशा जोडीला नांव नसतें. तिला नुसतें ‘कोयता’ म्हणतात. एक कोयता म्हणजे दोन माणसें. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि हिशेबहि होतो तो कोयत्याचा. कापणीच्या यंत्रांविषयीं बोलावयास बसलों असतां मला प्रथम याच शब्दाची आठवण होते. कारण आज जो इतिहास मला सांगावयाचा आहे, तो माणसाच्या हातांतलें पातें काढून यंत्राला बसविण्याच्या खटपटीचा आहे. आणि ती खटपट सर्वांत अधिक अडली ती ओल्या जमिनीवर.

बीडमध्यें भात नांवापुरतेंच पिकतें. तरी कथा सांगावयाची ती भाताची, कारण गव्हासाठीं जन्मलेल्या यंत्राला चिखलांत चालावयास शिकविलें तें मुख्यतः भातानें. उसाच्या फडाकडे मी शेवटीं परत येईनच.

अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत हायरम मूर व जॉन हॅस्कॉल या दोघांनीं १८३६ सालीं एका अजब गाड्याचें पेटंट घेतलें. कापणें, झोडणें आणि उफणणें हीं तिन्ही कामें तो गाडा चालतां चालतां करी. आपल्याकडे विळा, खळें आणि वावडी यांचीं तीन निराळीं स्थानें व तीन निराळे दिवस. तेथें तीं सर्व एका आंसावर आलीं. ओढावयास अर्थात् घोड्यांचा मोठा ताफा लागे. पण मिशिगनच्या दमट हवेंत तें यंत्र रुजलें नाहीं. १८५४ सालीं त्यांतील एक यंत्र जहाजानें कॅलिफोर्नियास गेलें आणि तेथील कोरड्या उन्हांत त्यानें एका हंगामांत सुमारें सहाशें एकर गहूं कापून काढला. बापाच्या घरीं न टिकलेलें मूल परदेशीं नांव काढतें, तसाच हा प्रकार! या यंत्राला कोरडें पीक आणि कठीण जमीन हवी, हें तेथेंच ठरून गेलें.

त्याच कॅलिफोर्नियांत स्टॉक्टन शहराजवळ नदीच्या मुखाशीं कुजक्या पाल्यापाचोळ्याची भुसभुशीत जमीन आहे. तिच्यांत घोडेहि रुतत, मग वाफेच्या ट्रॅक्टरची कथा काय? कारखानदारांनीं प्रथम चाकें रुंद केलीं, मग आणखी रुंद केलीं. शेवटीं तें धूड वळविणेंहि दुरापास्त झालें. १९०४ च्या नोव्हेंबरांत बेंजामिन होल्ट यानें निराळीच युक्ति केली. ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें काढून त्यानें लांकडी फळ्या जोडलेल्या साखळीचे पट्टे बसविले. यंत्र जणूं आपला रस्ता आपणच पुढें अंथरीत आणि मागें गुंडाळीत चाललें. रणगाड्यामुळें पुढें हे पट्टे सर्व जगाला परिचित झाले. पण त्यांचा हा अवतार शेतांतल्या चिखलानें घडविला, याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाहीं.

आतां भाताकडे वळूं. गव्हाचें यंत्र भाताच्या खाचरांत उतरवावयाचें म्हणजे काय काय बदलावें लागतें, हें जरा सविस्तर सांगतों. नवें यंत्र घेण्याची ऐपत नसलेला शेतकरी जुन्याच यंत्राला हे बदल करून घेतो, आणि माझ्या मतें कारखान्याच्या कारागिरीइतकीच त्याच्या गांवच्या लोहाराची कारागिरीहि या इतिहासांत मोजली पाहिजे.

पहिला प्रश्न पायांचा. पुढच्या चाकांवर सारा भार असतो. तेव्हां तेथें खोल खांचांचे, उंच दांत्यांचे खास टायर घालतात, किंवा चाकें काढून पट्टे बसवितात. दुसरा प्रश्न आडव्या पडलेल्या पिकाचा. गव्हाच्या यंत्रांतील फिरत्या रहाटाला सपाट फळ्या असत. त्या उभें पीक पात्याकडे लोटतात, परंतु लोळलेल्या भातावरून नुसत्या घसरून जातात. म्हणून फळ्यांच्या जागीं लवचीक पोलादी बोटें आलीं. हीं बोटें लोंब्यांखालीं शिरतात आणि आई मुलाचे विंचरण्यापूर्वीं केस उचलून धरते तशीं पिकाला उचलून धरतात.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. तो मळणीच्या ढोलाचा. गव्हाच्या ढोलावर खरबरीत पट्ट्या असतात आणि त्या ओंबी जाळीवर घासून दाणे सोडवितात. भाताचा हिरवा, ओलसर, चिवट पेंढा अशा ढोलाला गुंडाळला जातो आणि यंत्र गुदमरून बंद पडतें. म्हणून भातासाठीं दांतेरी ढोल वापरांत आला. ढोलावरचे दांते जाळीवरच्या दांत्यांमधून फणीसारखे फिरतात आणि पेंढ्याला गुंडाळावयास सवड देत नाहींत. पण ढोलाची गति थोडी वाढली कीं दाणा फुटतो. आपल्या घरीं तांदूळ निवडतांना सुपांत जी कणी उरते, तिच्यांतील कांहीं गिरणीची असते, तर कांहीं शेतांतल्याच एखाद्या घाईच्या ढोलाची! गति फार कमी केली तर दाणे लोंबीला तसेच चिकटून पेंढ्याबरोबर मागें पडतात. या दोहोंमधली नेमकी गति सकाळीं एक आणि दुपारीं दुसरी असते, कारण दंव उडून जातें तसतसा पेंढा कोरडा होत जातो. चांगला चालक दर दोनतीन तासांनीं खालीं उतरून मागच्या पेंढ्यांत हात घालून पाहतो.

वाळूं देऊन मग कां कापूं नये, असा प्रश्न कोणी विचारील. भात दाण्यांत वीसचोवीस टक्के ओल असतांनाच कापणें श्रेयस्कर. अधिक थांबलें तर दिवसाच्या उन्हानें आणि रात्रींच्या दंवानें दाण्याला आंतल्या आंत तडे जातात, लोंबी झडते आणि वाऱ्यानें पीक लोळतें. कोठारांत घालावयाचें तर ओल चौदा टक्क्यांवर असतां कामा नये. म्हणजे कापावयाचें ओलें आणि सांठवावयाचें कोरडें. यास्तव यंत्रामागोमाग धान्य वाळविण्याची सोय करणें ओघानेंच आलें.

आणि शेवटीं झीज. भाताच्या तुसांत व पातींत गारेचा अंश असतो. तूस जाळलें तर जी राख उरते तींत शेंकडा नव्वदाच्या आसपास गारच असते. असें पीक यंत्रांतून जाणें म्हणजे पोलादावर कानस चालविण्यासारखें आहे. दांते बोथट होतात, साखळ्या सैल होतात, धान्य वर नेणाऱ्या नळीचा पत्रा कागदासारखा पातळ होतो. जुन्या यंत्राला भातासाठीं सज्ज करणें म्हणजे प्रथम हीं झिजलेलीं अंगें ओळखणें आणि त्यांवर कठीण धातूचा लेप किंवा जाड पत्रा चढविणें.

दुसऱ्या महायुद्धांत माणसें रणांगणावर गेल्यामुळें अमेरिकेंत स्वयंचलित यंत्रांना एकाएकीं भाव आला. १९४४ सालीं मॅसी-हॅरिस कंपनीचीं पांचशें यंत्रें टेक्सासपासून उत्तरेकडे पिकत्या गव्हाच्या मागें मागें कापणी करीत गेलीं. भाताच्या मुलुखांतहि या यंत्रांचा प्रसार झाला तो याच सुमारास. आपल्याकडे पंजाबांत ‘स्वराज’ हें देशी बनावटीचें स्वयंचलित यंत्र १९८० सालीं आलें. पुढें तेथील चालक आपलीं यंत्रें घेऊन हंगामाच्या मागोमाग मध्य प्रदेश व महाराष्ट्रापर्यंत उतरूं लागले. जपाननें मात्र निराळाच मार्ग काढला. तेथील खाचरें लहान, म्हणून साठीनंतरच्या दशकांत त्यांनीं पट्ट्यांवर चालणारें असें चिमुकलें यंत्र केलें कीं, ज्याच्या ढोलांत फक्त लोंबीचें टोंक जातें आणि पेंढा अखंड बाहेर राहतो. यंत्र मोठें करण्यापेक्षां शेताच्या मापाचें करणें मला अधिक शहाणपणाचें वाटतें.

आतां उसाच्या फडाकडे. ऑस्ट्रेलियांतील बंडाबर्ग येथील टॉफ्ट बंधूंसारख्या कारागिरांनीं ऊस बुडाशीं तोडून, कांड्या करून, पाचोळा उडवून शेजारच्या गाडींत भरणारीं यंत्रें सिद्ध केलीं, आणि १९८० च्या आंत तेथील बहुतेक सारा ऊस यंत्रानें तुटूं लागला. तेथें मळे लांबच लांब. आपल्याकडे हेंच यंत्र आलें तेव्हां भाताच्याच अडचणी नव्या वेषांत उभ्या राहिल्या: काळी चिकण जमीन, पाण्याचे पाट, लोळलेला ऊस आणि एकरा-दोन एकरांचे तुकडे. त्यांतून कांड्या केलेला ऊस लवकर आंबतो, म्हणून तो दिवसाच्या आंत गाळावा लागतो. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं या यंत्रांसाठीं किंमतीच्या चाळीस टक्के, पण पस्तीस लाख रुपयांपर्यंत, अनुदानाची योजना आंखली. शेतकऱ्यांना सांगितलें जातें कीं, सरींतलें अंतर चार-पांच फूट ठेवा, म्हणजे यंत्र शिरेल. जपाननें यंत्र शेताच्या मापाचें केलें. येथें शेत यंत्राच्या मापाचें होत आहे.

यंत्र येऊं नये, असें म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं. बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हां त्यांपैकीं १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचें आढळलें. डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्यें चढणाऱ्या बाईला त्या फळीची हौस असेल, असें कोण म्हणेल? पण भाताच्या इतिहासावरून एक गोष्ट दिसते. यंत्र प्रथम सपाट, कोरडें आणि मोठें शेत घेतें. लोळलेलें, ओलें आणि लहान शेत तें हातांसाठीं मागें ठेवतें. उसाच्या तोडणीची मजुरी मिळते ती टनावर. उभ्या उसांत एक कोयता दिवसाला जितका माल काढतो, तितका लोळलेल्या उसांत निघत नाहीं, आणि उचल तर उभ्या उसाच्या हिशेबानें आधींच घेतलेली असते. यंत्राच्या किंमतीवर अनुदान ठरविणाऱ्यांनीं अशा फडासाठीं निराळा दर ठरविला पाहिजे. नाहीं तर अवकाळी पावसानंतर यंत्र बांधावर उभें राहील, आणि मुकादम कोयत्यांना निरोप धाडील.