आयट्यून्स स्टोअर

आयट्यून्स स्टोअर : गाणी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका विकणारे ॲपल कंपनीचे ऑनलाइन दुकान. २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत ‘आयट्यून्स म्युझिक स्टोअर’ या नावाने ते सुरू झाले. एकच आवडते गाणे घरबसल्या, रीतसर पैसे देऊन घेण्याची सवय लाखो श्रोत्यांना या दुकानाने लावली. पैसे मोजले की वस्तू आपली झाली, ही जुनी समजूत अपुरी पडू लागली तीही अशाच दुकानांत.

१९९९ मध्ये आलेल्या नॅपस्टरने इंटरनेटवर गाण्यांची फुकट देवाणघेवाण सुरू केली. न्यायालयाच्या आदेशानंतर २००१ मध्ये ती सेवा थांबली, पण लोकांची सवय गेली नाही. संगीत कंपन्यांनी काढलेल्या सेवा मासिक वर्गणी मागत आणि वर्गणी थांबली की उतरवून घेतलेली गाणीही मुकी होत. ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्झ यांनी युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर, ईएमआय आणि बीएमजी या पाचही मोठ्या कंपन्यांना ९९ सेंटला सुटे गाणे विकायला राजी केले. पहिल्या दिवशी दुकानात २ लाख गाणी होती आणि ती फक्त मॅकिन्टॉश संगणकावर घेता येत. तरीही पहिल्याच आठवड्यात १० लाख गाणी विकली गेली. ऑक्टोबर २००३ मध्ये दुकान विंडोजवर आले, २००५ मध्ये व्हिडिओ आणि मालिका, तर २००६ मध्ये चित्रपट आले. तेव्हा नावातला ‘म्युझिक’ हा शब्द गळाला. फेब्रुवारी २०१० पर्यंत विकलेल्या गाण्यांची संख्या १,००० कोटींवर गेली होती.

खरेदी अगदी सोपी होती. गाण्याच्या नावाच्या ओळीतच कालावधी आणि किमतीचे बटण असे. ३० सेकंदांचा तुकडा ऐकायचा, बटण दाबायचे, पासवर्ड द्यायचा. चार मिनिटांच्या गाण्याची जेमतेम ४ एमबीची फाइल संगणकावर उतरे. ९९ सेंटांतले साधारण ७० सेंट संगीत कंपनीकडे जात.

या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एमफोरपी’ असे. त्यातला ‘पी’ म्हणजे ‘प्रोटेक्टेड’, अर्थात कुलूपबंद. ‘फेअरप्ले’ नावाच्या या कुलपाची किल्ली ग्राहकाच्या खात्याशी बांधलेली होती. गाणे सुरुवातीला ३ आणि २००४ पासून ५ संगणकांवर वाजे. ॲपलचे आयपॉड हे प्लेअर कितीही चालत, पण दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर ते सहसा वाजत नसे. म्हणजे शंभर गाणी घेतलेला ग्राहक पुढचा प्लेअरही ॲपलचाच घेणार, हे जवळजवळ ठरलेले. त्या गाण्यांची ऑडिओ सीडी करता येई आणि सीडीवर गेलेले गाणे कुलपातून सुटे, ही त्यातली एक पळवाट.

कुलपाचा धोका इतर दुकानांच्या ग्राहकांना आधी कळला. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक या दुकानाने विक्री थांबवल्यावर २००८ मध्ये कंपनीने किल्ल्या देणारे सर्व्हरही बंद करण्याचे जाहीर केले. नवा संगणक घेणाऱ्याला स्वतःचीच गाणी उघडता आली नसती. ग्राहकांच्या तक्रारींनंतर मुदत वाढवावी लागली.

फेब्रुवारी २००७ मध्ये जॉब्झ यांनी जाहीर पत्र लिहून संगीत कंपन्यांना कुलपे काढण्याचे आवाहन केले. ईएमआयने आधी मान्यता दिली आणि मे २००७ पासून तिची गाणी १.२९ डॉलरला, दुप्पट बिटरेटने म्हणजे अधिक चांगल्या आवाजात, कुलपाशिवाय मिळू लागली. २००९ मध्ये सर्वच गाणी मोकळी झाली. या ‘एमफोरए’ फायलींत खरेदीदाराचे नाव आणि ईमेल नोंदलेले असे, पण त्यामुळे वाजवण्याला अडकाठी नव्हती. चित्रपटांवरचे कुलूप मात्र तसेच राहिले.

भारतात हे दुकान ४ डिसेंबर २०१२ रोजी उघडले. त्याच वर्षी फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ हे एमपीथ्री गाण्यांचे दुकान काढले होते. ते जून २०१३ मध्ये बंद झाले. चार-दोन रुपयांच्या व्यवहारांवर दुकान चालवणे जड गेले आणि फुकट गाणी मुबलक होती. मराठी संगीत या दुकानांच्या साच्यात अवघडूनच बसले. आकाशवाणीवर भावगीतासोबत कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे सांगण्याची रीत आहे. आयट्यून्समध्ये गायकाला ठळक जागा होती, संगीतकारासाठी रकाना होता, कवीसाठी वेगळा रकानाच नव्हता. ज्या संगीतात शब्दांचे मोल सुरांइतकेच, तिथे ही उणीव मोठी म्हणावी लागेल. अर्ध्या तासाचा ख्यालही ‘एक गाणे, एक किंमत’ या मापात मावणारा नव्हे.

जून २०१५ मध्ये ॲपल म्युझिक ही वर्गणीची सेवा आली आणि गाणी विकत घेण्याचे प्रमाण ओसरत गेले. २०१९ मध्ये मॅकवरचे आयट्यून्स ॲप मोडून संगीत, टीव्ही आणि पॉडकास्ट अशी वेगळी ॲप झाली. गाण्यांची विक्री मात्र चालू राहिली.

डिजिटल खरेदीत वस्तू खरोखर आपली होते का, या प्रश्नावर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळणार असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याला ‘विकत घ्या’ असे म्हणता येत नाही. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. विकलेली वस्तू परत काढून घेणे विक्रेत्याच्या हाती नसेल, म्हणजे ती कायमची उतरवून बाहेरच्या डिस्कवर ठेवता आणि इंटरनेटशिवाय वापरता येत असेल, तर तिला या कायद्यातून सूट आहे.