स्ट्रॅथग्लासचा शिंटी-संघ व त्याची नियमावली

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत शिंटी नांवाचा खेळ फार पुरातन काळापासून चालत आला आहे. गेलिक भाषेंत ‘कॅम’ म्हणजे वांकडा. ज्या वांकड्या टोंकाच्या काठीनें हा खेळतात तिला ‘कामन’ म्हणतात, व त्यावरूनच खेळासहि नांव पडलें. हॉकीशीं त्याचें साम्य दिसतें. परंतु येथें काठीच्या दोन्ही अंगांनीं चेंडू मारतां येतो, आणि काठी खांद्यावर उगारून चेंडू अंतराळांतच टोलविण्याची मुभा आहे. आदिपर्वांत कुरुकुमारांची वीटा विहिरींत पडली व द्रोणांनीं ती वर काढली, ही कथा वाचकांस ठाऊक आहेच. तेवढ्या आधारावर आपल्या विटीदांडूशीं या खेळाचें नातें जोडण्याचा मोह होतो. पण आम्ही त्या वाटेस जात नाहीं.

इन्व्हर्नेसच्या नैर्ऋत्येस ग्लास नदीचें खोरें आहे, तेंच स्ट्रॅथग्लास. हें चिझम कुळाचें वतन. कुळाचा नायक तो प्रजेचा पिता, अशी तेथील जुनी समजूत होती. असें असतां १८०१ पासून मेंढ्यांच्या कुरणांसाठीं या खोऱ्यांतील कुळेंच्या कुळें जमिनींवरून उठविण्यांत आलीं. शेंकडों माणसें जहाजांत बसून नोव्हा स्कोशियास गेलीं. जो खेळ नववर्षाच्या दिवशीं एका गांवच्या सगळ्या पुरुषांनीं दुसऱ्या गांवच्या सगळ्या पुरुषांशीं खेळावयाचा, तो माणसेंच उरलीं नाहींत तर कोणी खेळावा? शिंटीच्या ऱ्हासाचीं कारणें सांगतांना पुष्कळ लेखक धर्मोपदेशकांनीं रविवारच्या खेळावर आणलेल्या निर्बंधांस अग्रस्थान देतात. तें कारण खरेंच आहे. तथापि आमच्या मतें ओसाड पडलेलीं खोरीं हें त्याहून मोठें कारण होय.

याच खोऱ्यांत १८८० च्या सुमारास ग्लासबर्नचे कप्तान आर्चिबाल्ड चिझम यांनीं शिंटीचा संघ उभा केला. ज्या नांवाच्या कुळानें खोरें रिकामें केलें त्याच नांवाच्या गृहस्थानें तेथील खेळ सांवरावा, हा योग विलक्षण खरा. कप्तानसाहेब ४२ व्या हायलंडर पलटणीचे. या पलटणीनें १८५७ च्या डिसेंबरांत कानपुरास तात्या टोप्यांच्या फौजेशीं लढाई दिली होती, हें येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

कप्तानांचें मुख्य कार्य म्हणजे त्यांनीं संघासाठीं तयार केलेली लेखी नियमावली. तोंपर्यंत प्रत्येक खोऱ्याचा रिवाज निराळा असे. गडी किती, मैदान केवढें, चेंडूस हात लावावा कीं नाहीं, हें सारें परंपरेवर चाले. घरच्या घरीं तें खपलें. परक्या खोऱ्याशीं सामना जुळवितांना मात्र पहिला तंटा याचाच. १२ फेब्रुवारी १८८७ रोजीं इन्व्हर्नेस येथें स्ट्रॅथग्लास व शेजारचा ग्लेन अर्कर्ट या दोन संघांची गांठ पडली. त्या दिवशीं जय कोणाचा झाला ही गोष्ट आम्ही गौण समजतों. दोन खोऱ्यांनीं आधीं नियम ठरवून मग काठी उचलली, हें महत्त्वाचें. पुढें १० ऑक्टोबर १८९३ रोजीं किंग्यूसी येथें सर्व संघांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, आणि १८९६ सालीं तिच्या करंडकाचा पहिला अंतिम सामना किंग्यूसीनें ग्लासगो काउल संघास हरवून जिंकला.

यावरून कप्तान चिझम यांस शिंटीचे जनक म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. पाणिनीनें सूत्रें रचलीं, भाषा निर्माण केली नाहीं. बोलणारे लोक अगोदर होते, तसेच खेळणारेहि होते. परंतु बोलणारे विखुरले असतां सूत्रांचें मोल किती वाढतें, हें संस्कृतज्ञांस निराळें सांगावयास नको. आज बाजूस बारा गडी व नव्वद मिनिटांचा खेळ अशी मर्यादा सर्वत्र मानली जाते. अर्थात् लहानशा वस्तीसहि आपला संघ उभा करतां येतो. गांवच्या गांव मैदानांत उतरण्याचा जुना थाट त्यामुळें गेला, याबद्दल हळहळणारे हळहळोत. करंडकाच्या मोठ्या विजेत्यांत स्ट्रॅथग्लासची गणना नाहीं. तरी कॅनिख या लहान गांवीं त्याच्या नांवाचा संघ अद्यापि खेळत आहे, आणि त्यांतील गडी पूर्वींप्रमाणेंच वेतन न घेतां खेळतात.